वाचक विचारतात: घरापुरता छोटा ट्रॅक्टर, पण कुठल्या कंपनीचा?

मागच्या अंकात घराभोवतीच्या मोकळ्या जागेची निगा कशी राखायची यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता छोट्या ट्रॅक्टरचा विषय निघाला आणि पत्रांचा ढीगच लागला. बहुतेकांचा प्रश्न एकच, फक्त रंग वेगळा. केशरी (कुबोटा) घेऊ का हिरवा (जॉन डिअर) घेऊ का लाल (महिंद्रा). म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. नावं छापत नाहीये, काहींनी तशी विनंती केलीये आणि काहींनी खरेदीचं अजून घरात सांगितलेलंच नाहीये!

प्रश्न: घर आणि भोवती तीन एकर जागा आहे, अर्ध्याहून जास्त गवतच. कामं म्हणजे गवत कापणं, गेटपासून घरापर्यंतचा खडीचा रस्ता सारखा करणं, माती-शेणखत इकडून तिकडे नेणं, कधीतरी पडलेलं झाड ओढून बाजूला करणं. कुबोटा बीएक्स, जॉन डिअर १०२५ आर आणि महिंद्राचा एक ३० एचपीच्या वरचा, असे तीन बघून आलो. तिघंही आमचाच बेस्ट म्हणतात. तुम्ही एक नाव सांगा आणि विषय संपवा.

एक नाव सांगून मोकळा झालो असतो हो, पण तुम्ही बघितलेले तीन ट्रॅक्टर एका मापाचे नाहीतच. पहिले दोन सबकॉम्पॅक्ट आहेत आणि तिसरा त्याच्या वरच्या साइझचा. म्हणजे तुम्हाला वाटतंय आपण कंपन्या तोलतोय, आणि प्रत्यक्षात तोलताय साइझ. ही गल्लत खूप जणांची होते कारण शोरूममध्ये एका कंपनीचा छोटा आणि दुसऱ्याचा मोठा समोर येतो आणि मग अमुक कंपनीचा दणकट वाटला, तमुकचा खेळण्यासारखा वाटला असं मत बनतं.

सबकॉम्पॅक्ट म्हणजे ढोबळमानाने लोडर (पुढची बकेट उचलणारे हात) न लावता ६००-७०० किलोचा, २०-२५ एचपीचा, बुटका ट्रॅक्टर. पोटाखाली मोवर डेक, म्हणजे गवत कापायच्या पात्यांची पेटी, बसतो, झाडांमधून आणि गेटमधून आरामात वळतो, ओल्या गवतावर फार खड्डे पाडत नाही. वरच्या साइझचा कॉम्पॅक्ट टनाच्या पुढे जातो, जमिनीपासून उंच असतो, टायर मोठे, त्यामुळे ओबडधोबड जागेत भारी पण लॉनवर जड. घरापुरत्या कामात मी एचपीच्या आधी वजन बघतो, कारण ओढायचं काम वजन आणि टायरची पकड करते, एचपी कितीही असली तरी हलका ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत बसतो.

आणि एचपी बघायचीच तर पीटीओची, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची बघा. १०२५ आरचं इंजिन २३.९ एचपीचं, पण मागच्या शाफ्टवर मिळते १८. बाकीची हायड्रॉलिक पंप, ट्रान्समिशन वगैरेमध्ये जाते. हे सगळ्याच कंपन्यांचं असतं, फसवणूक नाहीये, पण ब्रोशरवर मोठ्या अक्षरात इंजिनची एचपी असते आणि पीटीओची आत कुठेतरी तक्त्यात.

लोडरच्या आकड्याचंही तसंच. एक कंपनी बकेटच्या पिनपाशी (जिथे बकेट लोडरला जोडलेली असते) किती किलो उचलतं ते सांगते, दुसरी पिनच्या ५०० मिलिमीटर पुढे किती उचलतं ते सांगते. दुसरा आकडा नेहमी कमी दिसणार, आणि तोच खरा कामाचा, कारण माती बकेटमध्ये पुढेच असते ना. मागच्या थ्री पॉइंटलाही, म्हणजे अवजार जोडायच्या तीन हातांनाही, हाच खेळ, लिंकच्या टोकाला किती आणि ६१० मिलिमीटर मागे किती. दोन ब्रोशर शेजारी ठेवताना आधी माप कुठे घेतलंय ते बघायचं. आणि एक हिशोब डोक्यात ठेवा, ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते, खडी साधारण दीड टनाच्या पुढे, म्हणजे सबकॉम्पॅक्टच्या छोट्या बकेटमध्येसुद्धा अडीचशे-तीनशे किलो सहज बसतं. बकेट भरली म्हणजे ट्रॅक्टर ती उचलेलच असं नाही.

आता कंपनीचं. कुबोटा जपानची, ओसाकामध्ये १८९० ला सुरू झालेली, आणि छोटी डिझेल इंजिनं ती स्वतः बनवते, इतकी चांगली बनवते की दुसऱ्या कंपन्यांच्या जनरेटर आणि मशिनरीमध्येही तीच दिसतात. जॉन डिअर १८३७ ची अमेरिकन कंपनी, पण तिच्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन असतं यानमारचं, तेही जपानीच. हे नातं जुनं आहे, १९७० च्या दशकाच्या शेवटी डिअरने जे छोटे ८५० आणि ९५० विकले ते ट्रॅक्टर यानमारनेच बनवलेले. महिंद्रा संख्येच्या हिशोबाने जगातली सगळ्यात मोठी ट्रॅक्टर कंपनी, पण परदेशात तिच्या नावाने विकले गेलेले बरेच छोटे मॉडेल जपान-कोरियात तयार झालेले, आणि २०२३ मध्ये आणलेली ओजा रेंज मित्सुबिशीबरोबर मिळून केलेली. मॅसी फर्ग्युसनचे जीसी सिरीजचे छोटे ट्रॅक्टर इसेकी बनवते. न्यू हॉलंडचे काही बूमर कोरियाच्या एलएसचे. तर हुडच्या बाहेर पाच नावं असली तरी आत गेलात की तेच मोजके जपानी-कोरियन कारखाने भेटतात. म्हणून कुठली कंपनी भंगार आणि कुठली सोनं असं या साइझमध्ये राहिलेलं नाहीये, आणि मला तरी हा वाद आता फार ताणण्यात अर्थ दिसत नाही.

फरक पडतो तो डीलरमुळे. सेल्सच्या टेबलावर बसू नका, मागे सर्व्हिस काउंटरला जा आणि विचारा की या मॉडेलचा हायड्रॉलिक फिल्टर आत्ता शेल्फवर आहे का. फॅन बेल्ट आहे का. बिघाड झाला तर मेकॅनिक घरी येतो का ट्रॅक्टर गाडीवर चढवून आणावा लागतो, आणला तर भर सीझनमध्ये किती दिवस रांगेत पडतो. ज्याच्याकडे या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळतील तो तुमचा ब्रँड.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जास्त तास गवतावरच जाणार आहेत, त्यामुळे सबकॉम्पॅक्ट घ्या, बीएक्स किंवा १०२५ आर, दोन्हींमध्ये माझ्या मते डावं-उजवं करण्यासारखं फार नाहीये. दोन्हींना ड्राइव्ह-ओव्हर डेकचा ऑप्शन मिळतो, म्हणजे डेक जमिनीवर ठेवून ट्रॅक्टर त्याच्यावरून नेऊन जोडायचा. हा डेक घ्याच, नाहीतर दर वेळी पोटावर झोपून पिना लावत बसाल आणि मग एकदा काढलेला डेक महिनाभर कोपऱ्यात पडून राहील. रस्ता सारखा करायला मागे बॉक्स ब्लेड (खडी खरवडून पसरवणारी पेटी) पुरेल. झाड मात्र तोडून, तुकडे करून न्या, आणि ओढायचंच तर साखळी खाली ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या लोखंडी पट्टीलाच. वर टॉप लिंकला, म्हणजे थ्री पॉइंटच्या वरच्या हाताला, किंवा सीटच्या मागे कुठे अडकवली आणि ओंडका अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागच्या चाकांवर उलटा येतो, तेही इतक्या पटकन की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

प्रश्न: एकाच कंपनीचे २५ आणि ३३ एचपीचे दोन मॉडेल दिसायला डिट्टो सारखे. डीलर म्हणतो मोठा घ्या, पुढे पस्तावाल. खरंच गरज आहे का?

दिसायला सारखे कारण बऱ्याचदा ते असतातच सारखे. कुबोटाचे एल २५०१ आणि एल ३३०१ घ्या, चेसिस तीच, लोडर तोच, फरक मुख्यतः इंजिनचा. म्हणजे ३३ वाला घेतला म्हणून बकेटमध्ये जास्त माती उचलली जाईल असं काही नाही. जास्त पॉवर कळते ती पीटीओवर, रुंद रोटाव्हेटर, झुडपं कापायचा रोटरी कटर, लाकडाचा चिपर अशा कामात. रोटरी कटरला फुटाला साधारण पाच एचपी धरतात, म्हणजे चार फुटी कटरला पीटीओवर २० च्या आसपास हवी, पाच फुटीला २५. तुमचं काम चार फुटीत भागत असेल तर मोठ्या इंजिनला तुम्ही पोसणार कशासाठी.

दुसरी गोष्ट डीलर सहसा स्वतःहून बोलत नाही. एल २५०१ ची एचपी २४.८ आहे, डिअरच्या ३०२५ ई ची २४.७. सगळ्यांची गाडी पंचवीसच्या अलीकडेच कशी काय थांबते? कारण अमेरिकेतले धुराचे नियम १९ किलोवॅटला, म्हणजे साधारण २५ एचपीला एकदम कडक होतात. टियर ४ फायनल म्हणतात त्याला, या साइझला २०१३ पासून लागू आहे. त्या रेषेच्या वरच्या बहुतेक इंजिनांना डीपीएफ लागतो, म्हणजे सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर. तो फिल्टर मधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळतो, आणि त्यासाठी इंजिन चांगल्या आरपीएमवर, चांगलं तापलेलं चालावं लागतं. घरचं काम कसं असतं, सुरू केला, दहा मिनिटं दोन बकेट माती हलवली, बंद केला. किंवा आयडलवर ठेवून गप्पा मारत उभे राहिलो. अशा वापरात डीपीएफ लवकर भरतो आणि मग डॅशवर दिवे लागायला लागतात. डीपीएफ वाईट आहे असं नाही, रोज दोन-तीन तास जोर लावून काम करणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण दहा-दहा मिनिटांच्या कामाला पंचवीसच्या आतला साधा इंजिनवाला बरा. तुमच्याकडे नियम वेगळे असतील तर त्या मॉडेलला डीपीएफ आहे का एवढं मात्र नक्की विचारा.

प्रश्न: गिअर का एचएसटी? वडील म्हणतात एचएसटी म्हणजे पॉवर खाणारं खेळणं.

वडील अर्धे बरोबर आहेत. एचएसटीमध्ये, म्हणजे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये, पंप तेल ढकलतो आणि तेल चाकं फिरवतं, त्यात थोडी पॉवर जातेच. वर सांगितलेल्या एल २५०१ चंच बघा, गिअरवाल्याला पीटीओवर २०.५ एचपी मिळते, एचएसटीवाल्याला १९. नांगरटच करायची असेल, सरळ लांब पट्टे मारायचे असतील, तर गिअरवाला स्वस्तही पडतो, तेलही कमी पितो आणि दुरुस्तीही सोपी.

पण लोडरचं काम म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसभर. त्यात प्रत्येक वेळी क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, डावा पाय संध्याकाळी बोलायला लागतो. एचएसटीला पेडल दाबलं की पुढे, सोडलं की थांबला. गवत कापताना झाडाच्या बुंध्याशी अगदी हळू जाता येतं आणि पाती मात्र पूर्ण वेगाने फिरत राहतात. घरापुरत्या वापराला मी एचएसटीच म्हणेन. कंपन्यांमध्ये फरक पेडलचा आहे, डिअरमध्ये पुढे आणि मागे जायला शेजारी-शेजारी दोन वेगळी पेडलं, कुबोटाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एकच पेडल पुढच्या पंजाने आणि टाचेने दाबायचं. काहींना टाचेचं जमत नाही, पोटऱ्या भरून येतात, जाड बूट घातले तर अजून त्रास. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून कळत नाही, नेहमीचे बूट घालून जा आणि अर्धा तास चालवायला मागा. वडिलांनाही बसवा एकदा.

प्रश्न: कियोटी, टीवायएम, एलएस हे कोरियन ट्रॅक्टर बरेच स्वस्त मिळतायत. टिकतात का?

टिकतात. कियोटी म्हणजे डेडोंग, १९४७ ची कोरियन कंपनी, काही काल उगवलेली नाहीये, अमेरिकेत कियोटी नावाने १९८६ पासून विकतायत. एलएसचं वर सांगितलंच. टीवायएमने २०१६ मध्ये ब्रॅन्सनवाली कंपनी घेतली आणि पुढे ब्रॅन्सन हे नाव टीवायएममध्येच मिसळून गेलं. त्यामुळे कुठे जुना ब्रॅन्सन स्वस्तात मिळाला तर पार्टसाठी टीवायएमच्या डीलरकडे जायचं.

यांचा माल सहसा त्याच एचपीला वजनाने जड असतो आणि ज्या गोष्टी बाकीचे जास्तीचे म्हणून लावतात त्यातल्या काही आधीच बसवून देतात, मागचे हायड्रॉलिक रिमोट (अवजाराला तेलाचा दाब देणारे जोड) वगैरे. कमी पडतात ते डीलरच्या जाळ्यात आणि विकताना मिळणाऱ्या भावात. डीलर जवळ असेल आणि तुम्ही पंधरा-वीस वर्षं वापरणार असाल तर विकायच्या भावाची चिंता कशाला. दर चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर मग केशरी-हिरव्याकडेच जा.

प्रश्न: जपानमधून आलेला जुना यानमार बघितलाय, मागे रोटाव्हेटर लावलेलाच आहे, फार कमी वापरलेला वाटतो. मीटरवर तास कमी आहेत. घेऊ का?

मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग बघा, ड्रॉबारचं भोक किती झिजलंय ते बघा. हे ट्रॅक्टर मूळ जपानच्या बाजारासाठी बनलेले. इंजिन अफलातून असतात, यानमार १९१२ ची कंपनी आणि १९३३ मध्ये तिने छोटं, खरंच वापरता येईल असं डिझेल इंजिन काढलं, या कामात तिच्याएवढी जुनी मुरलेली कंपनी शोधावी लागेल. अडचण दुसरीकडे आहे. तुमच्याकडचा यानमारचा अधिकृत डीलरसुद्धा त्या मॉडेलचा पार्ट देईलच असं नाही, कारण त्याच्या यादीत तो मॉडेल नंबरच नसतो. लिव्हरवरच्या खुणा जपानी. पीटीओला बऱ्याचदा तीन-चार स्पीड असतात, त्यातला ५४० चा (मिनिटाला ५४० फेऱ्यांचा) कुठला हे माहीत नसताना ५४० चं अवजार वरच्या स्पीडवर टाकलं तर ते फाटतं. आणि बऱ्याच जुन्यांना ड्रायव्हरच्या मागची संरक्षक कमान, म्हणजे रॉप्स, नसतेच.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा की आधी सुरू करून ठेवू नका. इंजिनला हात लावून गार आहे ना ते बघा, मग सुरू करायला लावा. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर ठीक, पण तापल्यावरही निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. रोटाव्हेटर वर उचला, इंजिन बंद करा, आणि पाच मिनिटं थांबा. तो डोळ्यादेखत खाली यायला लागला तर हायड्रॉलिकचं काम निघणार. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक हलवून बघा. स्वतःला स्पॅनर धरता येत असेल तर घ्या, नाहीतर डीलर असलेला जुना ट्रॅक्टर शोधा.

प्रश्न: आमची जागा उताराची आहे आणि ट्रॅक्टर मुख्यतः मीच चालवणार आहे. घरचे म्हणतात बायकांना झेपणार नाही. कुठल्या कंपनीचा सगळ्यात सेफ?

ताई, झेपायचा प्रश्नच नाहीये, स्टिअरिंग पॉवरचं, लोडर एका जॉयस्टिकवर, एचएसटीला सारखा क्लचही दाबायचा नाही. घरच्यांना उलट सांगा की उतारावर अंगात रग असलेल्या माणसापेक्षा सावकाश चालवणारा माणूस जास्त टिकतो.

सेफ कंपनी अशी नसते पण सेफ ट्रॅक्टर असतो. रॉप्स आणि सीट बेल्ट दोन्ही हवे. रॉप्स उभी असेल तर बेल्ट लावायचाच, कारण पलटी झाली तर बेल्टच तुम्हाला कमानीच्या आत धरून ठेवतो. झाडाखाली जायला कमान खाली घडी केली असेल तर मात्र बेल्ट काढायचा, आणि झाडाखालून बाहेर आलात की पुन्हा उभी करायची, तिथेच लोक आळस करतात. मागची चाकं रुंद लावता येतात का बघा, बऱ्याच ट्रॅक्टरला रिम उलट बसवून किंवा स्पेसर टाकून रुंदी वाढते. उताराला सबकॉम्पॅक्टपेक्षा रुंद आणि जड कॉम्पॅक्ट बरा, आणि टायर इंडस्ट्रियल किंवा शेतीचे खोल नक्षीवाले, लॉनचे गुळगुळीत नकोत.

फोर व्हील ड्राइव्ह घ्याच आणि उतरताना चालूच ठेवा. या साइझच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे बकेट भरलेली, तोंड उताराकडे, मागचा भाग हलका झालेला, आणि टू व्हीलमध्ये असाल तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरतच राहतो कारण मागची चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नसतात. फोर व्हीलमध्ये पुढचा एक्सलही त्याच ट्रान्समिशनला जोडलेला असतो म्हणून तोही थांबवायला मदत करतो. त्याच कारणाने लोडर वापरताना मागे वजन लावायचं, बॅलास्ट बॉक्स किंवा एखादं जड अवजार, आणि बकेट नेहमी गुडघ्याच्या खाली ठेवून चालायचं. भरलेली बकेट वर धरून वळण घेणं हा पलटी व्हायचा सगळ्यात हमखास मार्ग आहे. बकेट भरलेली असताना चढाला पुढे तोंड करून जा, उताराला रिव्हर्समध्ये या, म्हणजे जड बाजू नेहमी वरच्या अंगाला राहते. आडवं शक्यतो जाऊच नका.

मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवता येतं, जिथे पाणी गोठतं तिथे न गोठणारं द्रव भरतात. डीलर भरून देतो. आणि पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर आधी ते बदला, ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, ओढणी किंवा जॅकेटचं टोक अडकलं तर हात सोडवायलाही वेळ नसतो. इंजिन बंद केल्याशिवाय मागे जायचं नाही, हे घरच्यांनाही सांगा, विशेषतः झेपणार नाही म्हणणाऱ्यांना.

प्रश्न: एका कंपनीची अवजारं दुसऱ्या ट्रॅक्टरला बसतात का?

मागे बसतात. थ्री पॉइंट लिंकेजचं माप ठरलेलं आहे, या साइझला कॅटेगरी १, खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची. पीटीओचा शाफ्ट सहा खाचांचा, सव्वा इंचाहून थोडा जास्त, तोही सगळ्यांचा एकच. सबकॉम्पॅक्टला लिमिटेड कॅटेगरी १ असतं, तिथे काही मोठी अवजारं नीट बसत नाहीत, एवढं बघा. पोटाखालचा मोवर डेक मात्र ज्याचा त्यालाच.

घोळ पुढे आहे. लोडरला बकेट, फोर्क (उचलायचे काटे), ग्रॅपल (पकडायचा पंजा) बदलायचे तर स्किड स्टिअर टाइप क्विक अटॅच, म्हणजे अवजार झटकन बदलायचा जोड, मागा, तो सगळीकडे चालतो. डिअरच्या छोट्या लोडरला त्यांचा स्वतःचा वेगळा हुक येतो, तोही चांगला आहे पण अवजार त्या मापाचं शोधावं लागतं किंवा अडॅप्टर लावावा लागतो. आणि पिनवाली साधी बकेट स्वस्त म्हणून घेऊ नका, फोर्क लावायची वेळ आली की हातोडी घेऊन बसावं लागतं. माझ्या मते घरापुरत्या ट्रॅक्टरला बकेटनंतर पहिली खरेदी पॅलेट फोर्कचीच असावी, रोटाव्हेटर वर्षातून दोनदा भाड्यानेही आणता येतो.

प्रश्न: वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास तास चालेल. मग सर्व्हिसिंग दोन वर्षांनी केलं तर चालेल ना?

नाही चालणार. तास झाले नाहीत तरी ऑइल जुनं होतं, त्यामुळे वर्षातून एकदा तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचं. आणि पहिल्या पन्नास तासांची सर्व्हिस बहुतेक कंपन्यांची असते ती अजिबात चुकवायची नाही, नव्या गिअरमधला धातूचा भुगा त्याच वेळी हायड्रॉलिक आणि एचएसटीच्या फिल्टरमध्ये आलेला असतो.

कमी वापराचा ट्रॅक्टर वेगळ्याच गोष्टींनी मरतो. बॅटरी उतरते. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते आणि डिझेलमध्ये पाणी येतं, म्हणून उभा करताना टाकी फुल ठेवा. उंदीर वायरिंग खातात, बॉनेटखाली घर करतात. पंधरा दिवसांतून एकदा नुसता सुरू करून बंद करू नका, त्यापेक्षा न केलेला बरा. सुरू केला की अर्धा तास काम द्या, काटा नॉर्मलला येऊ द्या.

प्रश्न: एकदाचा फायनल केलाय! बिलावर काय काय लिहून घेऊ?

अभिनंदन. ट्रॅक्टरचं मॉडेल तर असतंच, लोडरचं मॉडेल वेगळं लिहून घ्या, कारण एकाच ट्रॅक्टरला दोन लोडर बसतात आणि डिलिव्हरीला छोटा येतो. क्विक अटॅचचा प्रकार. टायरचा प्रकार, आणि आत पाणी भरून देणार असतील तर तेही. मागचं वजन यात आहे का वेगळं. पहिली सर्व्हिस कोण करणार, घरी येऊन का तिकडे नेऊन, आणि नेण्या-आणण्याचं भाडं कोणाचं. वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा कशाची ते विचारा, बऱ्याचदा मोठा आकडा फक्त इंजिन आणि ट्रान्समिशनचा असतो, हायड्रॉलिक होज आणि इलेक्ट्रिकलची मुदत त्याहून कमी. दुसरी किल्ली मागा, छापील ऑपरेटर मॅन्युअल मागा, आणि डिलिव्हरीच्या दिवशी डीलरचा माणूस निघायच्या आधी त्याच्यासमोर लोडर एकदा काढून पुन्हा लावून बघा.